हिवराची हजेरी

परवा जुन्या जालन्यात आमच्या संस्थेनं साळवे बाईंची शोकसभा घेतली. मागे फ्लेक्स लावला होता. त्यावर बाईंचा हसरा फोटो, भोवती हिरवी वेलबुट्टी आणि खाली मोठ्या अक्षरांत 'वृक्षमाता'. अध्यक्ष म्हणाले, बाई म्हणजे मायेची सावली. खजिनदार म्हणाले, बाई कधी कुणाला दुखवून बोलल्या नाहीत. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. साळवे बाई मला बारा वर्षं ओळखत होत्या आणि त्यातली निदान अकरा वर्षं त्या माझ्यावर रागावलेल्या होत्या. आमच्या संस्थेतल्या एकूण एक माणसाला त्या दुखवून बोलल्या होत्या, आणि दर वेळी खरं तेच बोलल्या होत्या. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे ठीक आहे, पण म्हणून भलत्याच बाईबद्दल बोलायचं? मला बोलायला उठवलं तेव्हा मी घसा बसल्याची खूण केली आणि खुर्चीतच राहिलो. तोही भित्रेपणाच. म्हणून आता हे लिहितो आहे.

बाई रागावल्या की आवाज चढवत नसत. चष्मा काढत, पदराला पुसत आणि परत न घालता तशाच समोरच्याकडे बघत राहत. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस धूसरच दिसत असणार, पण त्याला मात्र वाटायचं की आपलं सगळं दिसून गेलं. बुटक्या, काटक, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लाल रिफिलचं पेन. मंठ्याहून रोज काळीपिवळी जीपनं वाटूर फाट्याला उतरायच्या आणि तिथून चार किलोमीटर आत त्यांची जिल्हा परिषदेची शाळा होती. दोन खोल्या, दोन शिक्षक, चौथीपर्यंतचे वर्ग. गावाचं नाव मी लिहीत नाही, गावाचा त्यात काही दोष नाही. मी जालन्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेचा सचिव आहे. संस्था म्हणजे आम्ही नऊ जण, एक लेटरहेड आणि रविवारची सकाळ.

पहिली भेट वृक्षारोपणाची. मी संस्थेत नवा होतो. आम्ही टेम्पोभर रोपं, बॅनर आणि फोटोग्राफर घेऊन शाळेत पोचलो, तर मैदानाच्या कडेनं खड्डे आधीच खोदलेले. अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, वा बाई, खड्डे तयार ठेवलेत.

"तयार न्हाईत सर, उरलेले आहेत," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी तुम्हीच लावून गेल्ता. एक बी जगलं न्हाई."

अध्यक्षांनी पाऊस कमी झाल्याचं सांगितलं, मोकाट जनावरांचं सांगितलं, लोकांमध्ये जागृती नाही हेही सांगितलं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. शाळेत पटावर त्या वर्षी अकरा पोरं बिनझाडाची होती म्हणे, तेव्हा अकराच रोपं उतरवा, बाकीची परत न्या. बिनझाडाची पोरं म्हणजे काय ते आम्हाला कळेना. आम्ही अकरा रोपं उतरवली. उरलेली रोपं टेम्पोत बसून आमच्याबरोबर जालन्याला परत आली.

बिनझाडाची पोरं म्हणजे काय, ते दुसऱ्या खेपेला कळलं. बाईंच्या शाळेत सकाळी दोन हजेऱ्या व्हायच्या. पहिली पोरांची, सरकारी पटावर. ती झाली की बाई दुसरा पट काढत, घरून आणलेला, जाड पुठ्ठ्याचा. त्यात शाळेच्या आवारातली आणि रस्त्याकडची झाडं होती. एकेक झाड एकेका पोराच्या नावावर. बाई पुकारत, "लिंब, दारातला." ज्याचा लिंब असेल तो पोरगा उठून दारापाशी जायचा, लिंबाकडे बघायचा आणि मग म्हणायचा, हजर. न बघता हजर म्हटलं की बाई त्याला परत पाठवत. लिंब काय एका रात्रीत पळून जातो का, असं मी एकदा हसत विचारलं होतं. त्यावर बाईंनी पटाची मागची पानं उघडून दाखवली. तिथं लाल रेघ मारलेली झाडं होती, कायमची गैरहजर. प्रत्येकासमोर शेवटच्या रकान्यात कारण लिहिलं होतं, ज्याचं झाड त्याच्याच अक्षरात.

"कारणाचा रकाना रिकामा ठेवायचा न्हाई," बाई म्हणायच्या. हे त्यांचं पालुपदच होतं. पोरगं उशिरा आलं तरी तेच, मी फोन उचलला नाही तरी तेच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही दुसरी हजेरी कोणत्या शासन निर्णयानुसार घेता. बाई म्हणाल्या, साहेब, तो निर्णय कोणत्या झाडाखाली बसून काढतेत ते सांगा, त्या झाडाची बी हजेरी घेते. साहेबांनी शेरेबुकात काहीतरी लांबलचक लिहिलं. त्याखाली बाईंनी 'वाचले' एवढंच लिहिलं आणि सही केली.

त्या लाल रेघांमधली एक बाभळीची होती. दुसरीतल्या एका पोरानं कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'माझ्या बापाने तोडली. गोठ्यासाठी.' हे गावात फुटलं आणि दुसऱ्या दिवशी बाप शाळेत आला. आडदांड माणूस, कपाळाला आठ्या. पोराच्या हातून बापाची बदनामी करून राह्यल्या का, म्हणून त्यानं बाईंना जाब विचारला. हा प्रसंग मी पाहिलेला नाही, दुसऱ्या गुरुजींनी सांगितला. बाईंनी पट त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, खोटं लिहिलंय का? तो म्हणाला, खोटं न्हाई. मंग सही करा, बाई म्हणाल्या. आणि त्यानं केली. मोठी, वेलांटीदार, आख्खं नाव. पुढच्या पावसाळ्यात त्यानंच बांधावरची एक बाभूळ राखली आणि पोराला सांगितलं की ही तुझ्या नावानं लिहायला सांग बाईला.

मला हे ऐकून फार भारी वाटलं होतं. मी जालन्यात दहा ठिकाणी ही गोष्ट सांगितली असेल. दुसऱ्यानं सही केल्याची गोष्ट सांगायला काहीच लागत नाही.

पुस्तकाची कल्पना माझी. इतक्या वर्षांचे पट, त्यात पोरांनी आपल्या झाडाबद्दल लिहिलेलं, काढलेली चित्रं. त्यातून मुलांसाठी मुलांचंच पुस्तक करायचं. बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. आधी विचारलं, पोरांची वाक्यं दुरुस्त करणार का. नाही म्हटलं. मग म्हणाल्या, करा. मुखपृष्ठावर कोणतं झाड घ्यायचं यावर आम्ही वड, पिंपळ, चिंच असं बोलत होतो. बाई म्हणाल्या, हिवर.

हिवराला कुणी झाड म्हणत नाही. फिकट सालीचा, अंगभर काटे, सावली असून नसल्यासारखी. शाळेच्या फाटकापाशी एक वेडावाकडा हिवर होता. चौथीतली आरती नावाची मुलगी वर्षाच्या मध्येच दुसऱ्या गावाहून आली, तेव्हा सगळी चांगली झाडं वाटली गेली होती. तिच्या वाट्याला हिवर आला आणि ती रडली. बाईंनी तिची समजूत बिमजूत काही घातली नाही. रोज जाऊन बघ आणि रोज एक नवी गोष्ट सांग, एवढंच म्हणाल्या. महिन्याभरात आरतीनं शोधून काढलं की एक छोटा पक्षी टोळ पकडून आणतो आणि हिवराच्या काट्यांना टोचून ठेवतो, मग सवडीनं खातो. तिनं लिहिलं होतं, 'माझ्या झाडाला फळं नाहीत. पण त्याला टोळ लागतात. आज सात लागले.' त्या पक्ष्याला खाटीक म्हणतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी चाळिशी ओलांडलेला भूगोलाचा शिक्षक, आणि काट्यावर लटकलेला टोळ मी त्या पोरीच्या बोटामागे बघत पहिल्यांदा पाहिला.

मग प्रकाशनाची आखणी सुरू झाली आणि आम्ही आमच्या मूळ वळणावर गेलो. मला आजही त्याची चीड येते. आमच्याकडे एखादं काम नीट होत आलं की त्याचा समारंभ करायची घाई होते, आणि समारंभ म्हटलं की आमची डोकी बंद पडतात. अध्यक्षांना शहरातला हॉल हवा होता. बाई म्हणाल्या, शाळेतच, शाळेच्या वेळेत, न्हाईतर पुस्तक घ्या तुमचं आणि चाला. हॉल गेला. मग मी चौदा कलमांची कार्यक्रमपत्रिका करून त्यांच्या मोबाइलवर पाठवली. बाईंनी मंठ्यात तिची प्रिंट काढली, लाल पेनानं तपासली आणि एस.टी.तल्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती जालन्याला धाडली. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, सत्कार, सत्काराला उत्तर, मनोगतं. समासात एकच प्रश्न होता. 'पोरं कुठं आहेत?' मी बघितलं तर पोरं फक्त स्वागतगीतात होती. खाली बाईंनी पंधरावं कलम लिहिलं होतं आणि बाण काढून ते पहिल्या जागी नेलं होतं. हजेरी. पाहुण्यांसमोर झाडांची हजेरी होईल, मग पुस्तक उघडायचं. बाकी तुमचं तुम्ही करा, अशी सूचना.

प्रमुख पाहुणे म्हणून अध्यक्षांनी एक मोठे अधिकारी ठरवले होते. बाईंनी मला फोनवर विचारलं, ते पुस्तक वाचून येणारेत का. मी म्हणालो, हो, अगदी. हे मी सहज खोटं बोललो, सवयीनं. पाहुण्यांच्या कचेरीतून कळवलं होतं ते वेगळंच, की साहेबांचे गुडघे दुखतात, गाडी थेट स्टेजपाशी आली पाहिजे आणि तिथंच वळली पाहिजे.

कार्यक्रमाला दोन दिवस होते. मी छापखान्यात उभा होतो, मुखपृष्ठाचा पहिला छापील कागद हातात घेऊन. त्यावर आरतीनं काढलेला हिवर होता, प्रत्येक काटा वेगळा. हिरवा रंग जरा जास्त उतरलाय, असं मी सांगत होतो तेवढ्यात मंडपवाल्याचा फोन आला. तो शाळेवर पोचला होता. म्हणाला, "सर, गाडी वळायला जागा पुरत न्हाई. फाटकापाशी एक काटेरी झाड मधी येऊन राह्यलं. काय करू?"

मी म्हणालो, काट्याच आहेत ना, काढून टाक.

एवढंच बोललो. फोन खिशात टाकला आणि परत हातातल्या हिवराकडे बघितलं, हिरवा कमी करा म्हणालो. माझ्या डोक्यात ही दोन झाडं एक झालीच नाहीत. मी या गोष्टीचा तीन वर्षं विचार केला आहे आणि मला अजून याचं बरं वाटेल असं उत्तर मिळालेलं नाही. मंडपवाल्याचा दोष नाही. त्यानं विचारलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी मी पुस्तकांचे खोके घेऊन शाळेवर गेलो, तेव्हा फाटकापाशी मोकळं मोकळं दिसलं. जागा छान झाली, असं वाटून गेलं, हेही लिहितो. मग जमिनीलगत ताजं कापलेलं, ओलसर खोड दिसलं. फांद्या ओढून भिंतीपलीकडे टाकल्या होत्या. मी खोक्यावर बसलो. त्या खोक्यात दोनशे हिवर होते. मी काय केलं? बाईंना फोन करायला हवा होता. बाई त्या दिवशी केंद्रशाळेत बैठकीला होत्या, अर्ध्या तासाच्या अंतरावर. मी मंडपवाल्याला सांगितलं, ह्याच्यावर सतरंजी टाक आणि वर कुंडी ठेव. म्हटलं, उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बाईंना सावकाश सांगू. माझ्यातला सचिव त्या वेळी फार तत्पर होता.

सकाळी बाई आल्या त्या एकट्या नाही, आरतीबरोबर. आरती त्यांना फाट्यावर घ्यायला गेली होती. त्यावरून मी समजलो, बाईंना हिवराचं कळलंय. बाई फाटकाशी थांबल्या, वाकून कुंडी बाजूला ठेवली, सतरंजी उचलली. खोडावर तळहात ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. आत जाऊन पट काढला आणि स्टेजखाली कोपऱ्यात बसून राहिल्या. मी दोनदा जवळ गेलो आणि दोनदा पाणी पिऊन परत आलो.

पाहुणे आले. गाडी सुरेख वळली. ते स्टेजवर बसले आणि मी माइकवरून जाहीर केलं की आता विद्यार्थी झाडांची हजेरी देतील. बाई उठल्या. समोर सगळा गाव बसला होता, तो बाभळीवाला बापही. लिंब, दारातला. हजर. चिंच, विहिरीवरची. हजर. पोरं एकेक करून उठत, मंडपाच्या कडेला जाऊन बघून येत आणि सांगत. पाहुण्यांना ते गोड वाटत होतं, ते मोबाइलवर चित्रण करत होते.

"हिवर, फाटकातला."

आरती उठली. कडेला गेली. बघून परत आली आणि जागेवर बसली. बाईंनी परत पुकारलं. मग ती म्हणाली, गैरहजर.

"कारण?"

आरतीनं खांदे उडवले. तिला कारण माहीत नव्हतं. गावातही कुणाला नीट माहीत नव्हतं. मंडपवाल्यानं तोडलं एवढंच दिसलं होतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात माइक होता. सूत्रसंचालन करणाऱ्याच्या तोंडात काही वाक्यं तयारच असतात, त्यातलं एक बाहेर पडलं. मी म्हणालो, काही अपरिहार्य कारणामुळे.

 अध्यक्षांनी मला पुढचं कलम घ्यायची खूण केली. पाहुण्यांनी मोबाइल खाली घेतला.

"असं कारण पटात चालत न्हाई, सर," बाई म्हणाल्या. "दुसरीचं पोरगं बी असं लिहीत न्हाई."

पट उघडा धरून त्या तशाच उभ्या होत्या. तो बाभळीवाला बाप माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. मी माइक ठेवला, स्टेजवरून खाली उतरलो आणि त्यांच्या हातातून लाल पेन घेतलं. हिवराच्या ओळीवर रेघ मारली. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'पुस्तकाच्या प्रकाशनासाठी तोडला. मी सांगितलं.' सही केली. बाईंनी पट आरतीपुढे धरला, तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग बाई म्हणाल्या, बोर, कुंपणाची. हजर, पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

पुढचे सत्कार झाले. बाईंनी शाल घेतली नाही. वर्तमानपत्रात बातमी आली की निसर्गरम्य वातावरणात प्रकाशन सोहळा संपन्न. अध्यक्ष मला म्हणाले, त्या बाईंनी कार्यक्रमाचा विचका केला. मी त्यांच्यावर त्या दिवशी ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा. पण खरं तर मी बाईंवरही चिडलो होतो. एवढ्या लोकांत, पोरांसमोर. बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का? नसतं आलं. बाजूला घेतलं असतं तर मी बाजूलाच राहिलो असतो. त्यानंतर बाई निवृत्त झाल्या, आजारी पडल्या. कळत होतं, पण मी मंठ्याला गेलो नाही. गेलो नाही याचं कारण भित्रेपणाच, ते मला माहीत आहे आणि परवा त्या फ्लेक्ससमोर बसून ते जास्तच कळलं. ज्यांना त्या कधी दुखवून बोलल्या नाहीत म्हणे, त्यांच्यात मीही बसलो होतो.

बाईंना शेवटचं पाहिलं ते प्रकाशनाच्याच दिवशी. चहा सुरू असतानाच त्या निघून गेल्या होत्या. मी मोटारसायकल काढून मागोमाग गेलो. वाटूर फाट्यावर मंठ्याची काळीपिवळी भरत होती आणि बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. मी गाडी लावून खिडकीपाशी गेलो. बाई, चुकलं, म्हणालो.  त्यांनी पिशवीतून पट काढला, ते पान उघडलं आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"हे कोणाला वाचता येतं का? नुसता गिरगुटा. आरतीला विचारलं, तिला बी लागलं न्हाई. खाली नाव लिहा."

ड्रायव्हरनं जल्दी करा म्हणून हॉर्न वाजवला. आतली दाटीवाटीनं बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. मी खिडकीतून हात आत घालून, त्यांच्या मांडीवरच्या पटावर, सहीखाली माझं नाव लिहिलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. अक्षर सुटं सुटं काढलं, पाटीवर काढतात तसं.

बाईंनी चष्मा घातला आणि एकेक अक्षर वाचलं.

"आता बराबर," त्या म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, चला.